एका ‘ई’ने अडवलेला फोटो

या महिन्याच्या टपालात आणि मेलमध्ये फोटोंच्या फाइलींबद्दलचे प्रश्न इतके आले, की बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत. मासिकांच्या चित्रविभागात माझी २६ वर्षं गेली. स्कॅन करायचं, फोटो निवडायचे, पानं छापखान्याकडे धाडायची, आणि अंक निघाला की ते सगळं नीट नावं देऊन ठेवून द्यायचं. त्यामुळे फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, हा माझ्या रोजच्या जगण्यातला विषय. जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : ताई, एका ऑनलाइन अर्जाला फोटो जोडायचा होता. ‘फक्त जेपीजी चालेल’ अशी सूचना होती. माझ्या फोटोचं नाव ‘.जेपीईजी’ने संपत होतं, तर अर्ज तो घेईना. शेवटी मुलीने एका अ‍ॅपमध्ये फोटो उघडून ‘जेपीजी’ म्हणून पुन्हा सेव्ह करून दिला, तेव्हा गेला. पण आता तो थोडा धूसर दिसतो. हे दोन वेगळे प्रकार आहेत का? चांगला कोणता?

उत्तर : दोन्ही एकच. रंग, बारकावे, दर्जा, कशातही तसूभर फरक नाही. मुलीने फोटो पुन्हा सेव्ह न करता नावातला ‘ई’ तेवढा खोडला असता, तरी अर्जाने तो घेतला असता आणि फोटोला काही झालंही नसतं. धूसरपणा पुन्हा सेव्ह केल्यामुळे आला. त्याकडे येतेच, पण आधी हा ‘ई’ गेला कुठे ते सांगते. ती गोष्ट कळली की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

जेपीईजी हे मुळात एका समितीचं नाव आहे : जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप. मानकं ठरवणाऱ्या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांची माणसं त्यात एकत्र बसली, म्हणून ‘जॉइंट’. समिती १९८६ मध्ये बसली आणि तिचं मानक १९९२ मध्ये आलं. फोटोतली माहिती दाबून लहान कशी करायची, हे त्या मानकाने बारकाईने सांगितलं. मात्र अशा फाइलच्या नावाला शेपूट कोणतं लावायचं, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. ते ज्याचं त्याने ठरवलं, आणि ज्याच्या यंत्रात जेवढी जागा होती तेवढं लावलं.

तेव्हा घरोघरी आणि कचेऱ्यांत जी यंत्रं होती त्यांतली बहुतेक डॉस या जुन्या प्रणालीवर चालायची. डॉसमध्ये प्रत्येक फाइलची नोंद बरोबर ३२ बाइटची. बाइट म्हणजे एका अक्षराएवढी जागा. त्यातले पहिले ८ नावासाठी, पुढचे ३ शेपटासाठी. उरलेल्यांत तारीख, वेळ, आकार, फाइल डिस्कवर कुठे सुरू होते ते, असं सगळं. चौथ्या अक्षराला तिथे जागाच नव्हती, कारण बाराव्या बाइटपासून दुसऱ्याच माहितीचं घर सुरू व्हायचं.

हे मी स्वतः पाहिलेलं आहे. मुखपृष्ठासाठी कमळाचा एक फोटो फ्लॉपीवर आला होता आणि फ्लॉपी वाचता येत नव्हती. आमच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या सहकाऱ्याने ती एका प्रोग्रॅममध्ये उघडली. त्यात डिस्कवरचा एकेक बाइट जसाच्या तसा दिसतो. त्याने बोट ठेवून दाखवलं : एल, ओ, टी, यू, एस, मग तीन मोकळ्या जागा, आणि त्यांना चिकटूनच जे, पी, जी. मधलं टिंब कुठेच नव्हतं. मी विचारलं, ‘टिंब पुसलं गेलं का?’ तो म्हणाला, टिंब डिस्कवर कधी लिहिलंच जात नाही. पहिले आठ आणि पुढचे तीन यांच्यामध्ये ते पडद्यावर दाखवताना घातलं जातं. त्या दिवशी तो ‘ई’ का नाही ते मला कळलं. समोर अकरा घरं होती आणि अकराही भरली होती.

मग तीनच का, चार का नाहीत? डॉसने ही पद्धत सीपी/एम या आधीच्या प्रणालीवरून उचलली. सीपी/एम गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये लिहिली, आणि तिच्यावर डेक कंपनीच्या मोठ्या यंत्रांची छाप होती. डेकच्या पीडीपी-१० या यंत्रात एक ‘शब्द’, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तेवढा तुकडा, ३६ बिटांचा असायचा (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक). एका अक्षराला ६ बिट धरले, तर एका शब्दात बरोबर सहा अक्षरं बसतात आणि अर्ध्या शब्दात तीन. फाइलचं नाव सहा अक्षरी, शेपूट तीन अक्षरी. अख्खा एक शब्द नावाला आणि अर्धा शेपटाला, असा तो हिशेब. यंत्रं गेली, ३६ बिट गेले, सहाचे आठ झाले, पण शेपटाचे तीन तसेच राहिले. जुन्या वाड्याचे दरवाजे काढून नव्या घराला बसवावेत आणि मग घरात येणाऱ्या प्रत्येक कपाटाची उंची त्या दरवाजांनी ठरवावी, तसं काहीसं झालं.

सगळीकडे मात्र असं नव्हतं. युनिक्स या दुसऱ्या प्रणालीवर नाव म्हणजे नुसती अक्षरांची ओळ. टिंब हे तिथे इतर अक्षरांसारखंच एक. तिथली माणसं बिनदिक्कत पूर्ण ‘.जेपीईजी’ लिहीत. मॅकिंतॉशवर तर शेपटाची गरजच नव्हती. फाइल कोणत्या प्रकारची हे नावात न ठेवता वेगळ्या चार अक्षरी खुणेत नोंदवलेलं असायचं, आणि तिथे ‘जेपीईजी’ ही चार अक्षरं आरामात मावत. एकच फोटो तीन यंत्रांवर तीन तऱ्हांनी ओळखला जायचा. वेब आलं, फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाऊ लागल्या, आणि दोन्ही स्पेलिंगं एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी येऊन बसली.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि लांब नावं शक्य झाली, २५५ अक्षरांपर्यंत. पण ३२ बाइटची नोंद मोडता येत नव्हती, कारण जुन्या प्रोग्रॅमना तीच कळायची. म्हणून लांब नावाचे तेरा-तेरा अक्षरांचे तुकडे करून ते शेजारच्या जादा नोंदींमध्ये ठेवले, आणि मूळ जागी जुन्या पद्धतीचं एक आखूड नाव बनवून बसवलं. ‘.जेपीईजी’ची पहिली तीन अक्षरं घेतली की उरतं ‘.जेपीई’. जुन्या सीडीवर किंवा डिस्कवर ‘.जेपीई’ अशी अर्धवट वाटणारी फाइल दिसली तर घाबरू नका. तोही तोच जेपीईजी फोटो आहे.

तोवर ‘.जेपीजी’ सगळ्यांच्या हाताला बसलं होतं. जागा झाली म्हणून कुणी सवय बदलली नाही.

आता धूसरपणाकडे. नाव बदलताना फक्त त्या नोंदीतली अक्षरं बदलतात. फोटोचा एकही ठिपका हलत नाही. उघडून पुन्हा सेव्ह केलं की मात्र फोटो नव्याने दाबला जातो. जेपीईजी पद्धत फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले सूक्ष्म चढउतार आकड्यांत मांडून ते आकडे ढोबळ करते. डोळ्याला फारसं जाणवणार नाही असं जे, ते त्यात जातं, आणि गेलेलं परत येत नाही. वरच्या दर्जावर एकदा पुन्हा सेव्ह केलं तर बहुधा कळतही नाही. पण पुष्कळ अ‍ॅप्स न विचारता खालचा दर्जा वापरतात, वर फोटो लहानही करतात. पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या माणसाचे केस पाहा, किंवा फोटोतली छापील अक्षरं. त्यांच्या कडेने बारीक धुरळा उठल्यासारखा दिसतो. तुमच्या फोटोत तेच झालं असणार. मूळ फाइल अजून जवळ असेल तर तिची प्रत करा, प्रतीच्या नावातला ‘ई’ काढा आणि ती जोडा.

एक मनापासून सांगायचं आहे, आणि ते असे अर्ज बनवणाऱ्यांसाठी. दोन्ही स्पेलिंगं चालवून घेणं हे तुमच्या बाजूला एका ओळीचं काम आहे. ती ओळ नसली की शेवटच्या तारखेच्या रात्री पडद्यापुढे बसलेल्या माणसाला वाटतं, आपलाच फोटो चुकीचा आहे. मी अशी माणसं फोनवर रडवेली झालेली ऐकली आहेत.

प्रश्न : तुम्हीच एकदा लिहिलं होतं की शेपूट बदललं की काम होतं. मी फोनमधल्या ‘.एचईआयसी’ फोटोंना ‘.जेपीजी’ अशी नावं दिली. माझ्या फोनवर ते छान उघडतात, छापायला दिले तर ‘फाइल खराब आहे’ असं उत्तर आलं. असं का?

उत्तर : मी ते जेपीजी आणि जेपीईजी या जोडीबद्दल लिहिलं होतं, पण ‘फक्त या जोडीबद्दल’ असं ठळक लिहायला हवं होतं. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे.

जेपीजी आणि जेपीईजी ही एकाच माणसाची दोन नावं. एचईआयसी हा माणूसच वेगळा. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हापासून आयफोन ही पद्धत वापरू लागले. यात फोटो दाबण्याची रीत पूर्ण निराळी आहे, व्हिडिओसाठी घडवलेल्या एचईव्हीसी या पद्धतीवर बेतलेली. तुम्ही पाटी बदलली, आतला ऐवज तोच राहिला.

आत काय आहे ते पाहता येतं, आणि एकदा तरी पाहाच. बाइट दाखवणारा कुठलाही साधा प्रोग्रॅम चालेल. खऱ्या जेपीईजी फाइलची सुरुवात नेहमी एकाच खुणेने होते : एफएफ, डी८, एफएफ (बाइटचे आकडे असे प्रोग्रॅम अक्षरं आणि अंक मिसळून दाखवतात). तिथून थोडं पुढे, सातव्या ते दहाव्या बाइटमध्ये, बहुतेक वेळा ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ ही अक्षरं सरळ वाचता येतात. एचईआयसीत पाचव्या ते आठव्या बाइटवर ‘एफटीवायपी’ असतं आणि त्याला लागून साधारणपणे ‘एचईआयसी’. पीएनजीत पहिला बाइट ८९ आणि पुढचे तीन थेट ‘पीएनजी’. जीआयएफ तर आपलं नाव वर्षासकट सांगतं, ‘जीआयएफ८७ए’ किंवा ‘जीआयएफ८९ए’, म्हणजे १९८७ ची आवृत्ती की १९८९ ची. तुमच्या नाव बदललेल्या फोटोत सुरुवातीला एफएफ डी८ सापडणार नाही.

तुमच्या फोनवर तो उघडतो, कारण फोन पाटीवर विसंबत नाही. आत डोकावून खूण पाहतो, आणि ही पद्धत त्याला येते. छापखान्याच्या प्रोग्रॅमने पाटी वाचली, जेपीईजी उलगडायला घेतला, आणि आत भलतंच निघालं. खराब काहीच झालेलं नाही. नावं पुन्हा ‘.एचईआयसी’ करा आणि मग कुठल्याही फोटो-प्रोग्रॅममधून जेपीईजी म्हणून निर्यात करा. या वेळी खरंच रूपांतर हवं आहे, तेव्हा दर्जा वरचा निवडा. पुढच्यासाठी आयफोनच्या कॅमेरा-सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ आहे. तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की फोन मुळातच जेपीईजी काढतो. फाइली मोठ्या होतील, जागा जास्त लागेल, पण कुठेही देता येतील.

प्रश्न : वेबवरचं चित्र सेव्ह केलं की माझ्या कॉम्प्युटरवर ते ‘.जेएफआयएफ’ होतं. हा व्हायरस आहे का?

उत्तर : नाही, निर्धास्त राहा. खरं तर तेच जास्त बरोबर नाव आहे.

वर म्हटलं तसं समितीने दाबायची पद्धत दिली, फाइलची मांडणी दिली नाही. ठिपके इंचाला किती धरायचे, रंगांचे आकडे कसे वाचायचे, हे ठरल्याशिवाय एका यंत्रावरचा फोटो दुसऱ्यावर नीट दिसणार कसा? ती उणीव सी-क्यूब मायक्रोसिस्टिम्समधल्या एरिक हॅमिल्टन यांच्या काही पानांच्या टिपणाने भरून काढली. त्याचं नाव जेपीईजी फाइल इंटरचेंज फॉरमॅट, म्हणजेच जेएफआयएफ. १.०२ ही आवृत्ती सप्टेंबर १९९२ ची. आपण ज्यांना रोज जेपीजी म्हणतो त्यांतल्या कितीतरी फाइली काटेकोरपणे बोलायचं तर जेएफआयएफ असतात. कॅमेऱ्यातून येणाऱ्या बहुतेक एक्झिफ असतात, ज्यात तारीख, कॅमेऱ्याचं मॉडेल, फोटो आडवा की उभा, अशा नोंदी राहतात.

तुमच्याकडे हे का होतं तेही सांगते. वेबवर चित्र येतं तेव्हा त्याच्यासोबत त्याचा प्रकार कळवला जातो, आणि जेपीईजीसाठी तो ‘इमेज/जेपीईजी’ असा असतो. इथे मात्र ‘ई’ शाबूत आहे. हे नाव १९९२ मध्ये ई-मेलच्या जोडपत्रांसाठी ठरलं, आणि तिथे तीन अक्षरांची अट नव्हती. ‘इमेज/जेपीजी’ असा अधिकृत प्रकार नाहीच. ब्राउझर विंडोजला विचारतो, या प्रकाराला शेपूट कोणतं लावू? विंडोजच्या नोंदवहीत काही कॉम्प्युटरवर त्यापुढे ‘.जेएफआयएफ’ लिहिलेलं असतं, तेच लागतं. ती नोंद बदलता येते, पण सरावाच्या माणसाशिवाय तिथे हात घालू नका. सेव्ह करताना नाव ‘.जेपीजी’ करून घ्या, किंवा नंतर बदला. इथे नुसतं नाव बदलणं पुरतं.

प्रश्न : मी छंद म्हणून एक छोटी वेबसाइट चालवतो. घरच्या कॉम्प्युटरवर सगळी चित्रं दिसतात. सर्व्हरवर चढवली की निम्म्या ठिकाणी मोडक्या चित्राची खूण येते. नावं चार वेळा तपासली, सगळी बरोबर आहेत.

उत्तर : पाचव्यांदा तपासा, पण या वेळी अक्षरांचा आकार बघा. तुमच्या मजकुरात छोट्या अक्षरांतलं जेपीजी असेल आणि कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींना मोठ्या अक्षरांतलं. जी चित्रं मोडली आहेत ती बहुधा कॅमेऱ्याची आणि जी दिसतात ती तुम्ही स्वतः बनवलेली, असं निघेल.

आपल्या लिपीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत, त्यामुळे हा फरक आपल्या डोळ्याला पटकन खटकत नाही, असा माझा अनुभव आहे. यंत्राच्या लेखी मात्र मोठा ‘जे’ म्हणजे ७४ आणि छोटा ‘जे’ म्हणजे १०६, दोन वेगळे आकडे. विंडोज हा फरक मनावर घेत नाही, मॅकही सहसा घेत नाही. सर्व्हर बहुतेक लिनक्स या प्रणालीवर चालतात आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. तो छोट्या अक्षरांतली फाइल शोधतो, ती सापडत नाही, विषय संपला.

कॅमेरे मोठी अक्षरं का लिहितात? पुन्हा ती अकरा घरं. डॉसच्या नोंदीत नावं मोठ्या अक्षरांतच राहायची, आणि कॅमेऱ्यांची कार्डं त्याच पद्धतीने मांडलेली असत. १९९८ मध्ये जपानी उद्योगांच्या संघटनेने कॅमेऱ्यांसाठी एक नियम केला, डीसीएफ. त्यानुसार कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचं फोल्डर, आत तीन आकड्यांनी सुरू होणारी फोल्डरं, आणि फाइलच्या नावात चार अक्षरं व चार आकडे. आठ झाले. शेपूट जेपीजी. अकरा झाले. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ वर गेला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो, तोही याच नियमामुळे. पाचव्या आकड्याला घर नाही. आजचं कार्ड शेकडो जीबीचं असलं तरी.

सगळी नावं एका फटक्यात छोट्या अक्षरांत करणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. चढवण्याआधी ते चालवत जा, आणि पुढेही छोटीच अक्षरं ठेवा.

प्रश्न : ‘.टीआयएफ’ आणि ‘.टीआयएफएफ’ यांचंही तसंच का? आणि पीएनजीला दुसरं स्पेलिंग का नाही?

उत्तर : तसंच. टॅग्ड इमेज फाइल फॉरमॅट, अल्डस कंपनीने १९८६ मध्ये आणलेला. डॉसवर शेवटचा ‘एफ’ गळला.

गंमत अशी, की टिफमध्ये आत खरोखर दोन जाती आहेत आणि नावावरून त्या कळत नाहीत. पहिले दोन बाइट ‘आयआय’ असतील तर आकडे इंटेलच्या पद्धतीने, म्हणजे लहान भाग आधी असे लिहिलेले. ‘एमएम’ असतील तर मोटोरोलाच्या पद्धतीने, मोठा भाग आधी. दोन्हींमध्ये त्यापुढे ४२ हा आकडा असतो, फक्त उलट-सुलट क्रमाने. आमच्याकडे एकदा मॅकवरचे स्कॅन एका जुन्या प्रोग्रॅमला वाचता येईनात. सगळे दोन दिवस ‘एक एफ की दोन’ यावर वाद घालत होते, आणि अडचण होती ‘एमएम’ची.

पीएनजी, जीआयएफ, बीएमपी यांची नावं मुळातच तीन अक्षरी, त्यामुळे त्यांच्यातलं काही गळायचा प्रश्न आला नाही. वेबपी हा नवा प्रकार २०१० मध्ये आला. एचईआयसी, एव्हीआयएफ त्याच्याही नंतर. त्यांना चार अक्षरं आहेत आणि तीन अक्षरी भाऊ सहसा दिसत नाही. ती आली तेव्हा अकरा घरांची सक्ती उठून बराच काळ लोटला होता.

प्रश्न : माझ्या कॉम्प्युटरवर शेपूट दिसतच नाही. मग एवढी चर्चा कशाला?

उत्तर : विंडोज ओळखीची शेपटं लपवून ठेवतं. मला ही सोय कधीच पटली नाही. ‘सहल.जेपीजी’ असं दिसणाऱ्या फाइलचं खरं नाव ‘सहल.जेपीजी.ईएक्सई’ असू शकतं, आणि मग तो फोटो नसतो, उघडल्याबरोबर चालू होणारा प्रोग्रॅम असतो. मे २००० मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा व्हायरससारखा किडा असाच शिरला. जोडलेल्या फाइलचं नाव ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ने संपत होतं, शेवटचा भाग पुष्कळांच्या पडद्यावर दिसत नव्हता, आणि लोकांनी साधं पत्र समजून ती उघडली. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये शेपटं दाखवण्याची खूण आहे. आजच चालू करा.

प्रश्न : वडिलांनी काढलेले आणि स्कॅन केलेले काही हजार फोटो माझ्याकडे आले आहेत. त्यात जेपीजी, जेपीईजी, मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, सगळं मिसळलेलं आहे. एकसारखं करायचं आहे. कोणतं स्पेलिंग ठेवू?

उत्तर : छोट्या अक्षरांतलं ‘.जेपीजी’. फार मोठं कारण नाही, सगळ्यात जास्त ठिकाणी तेच चालतं एवढंच. पण नावं बदलायला घेण्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक वाचा.

चित्रसंग्रह नव्या यंत्रावर हलवताना मी तेच केलं होतं, सगळी ‘.जेपीईजी’ एका झटक्यात ‘.जेपीजी’. प्रोग्रॅमने मध्येच विचारलं, ‘या नावाची फाइल आहे, तिच्या जागी ठेवू?’ मला वाटलं, तोच फोटो दोनदा आला असेल. मी ‘सगळ्यांना हो’ दाबलं. नंतर कळलं की आमच्या आधीच्या माणसाने एक पद्धत पाळली होती : ‘.जेपीईजी’ म्हणजे पूर्ण आकाराचा स्कॅन, ‘.जेपीजी’ म्हणजे पानावर लावण्यासाठी छोटी केलेली प्रत. त्याच्या यंत्रावर ती दोन वेगळी नावं होती, म्हणून शेजारी शेजारी सुखाने नांदत होती. माझ्या नशिबाने मोठे स्कॅन छोट्यांवर बसले आणि वाचले. उलट दिशेने नावं बदलत गेले असते तर मूळ स्कॅन गेले असते, आणि त्यातल्या कित्येकांच्या निगेटिव्ह आता कुठेच नाहीत. तो विचार आला की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून आधी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. मग फोल्डर नावानुसार लावून पाहा. एकाच नावाच्या दोन फाइली, एकीला ‘ई’ आणि एकीला नाही, अशा जोड्या सापडल्या तर त्यांचा आकार आणि तारीख ताडून बघा. वडिलांनी काही मनात धरून तसं केलेलं असू शकतं. अशा जोड्यांपैकी लहान प्रतीच्या नावात, शेपटाच्या आधी, ‘छोटा’ किंवा तत्सम काही जोडा. त्यानंतरच एकगठ्ठा नावं बदला, तीही नावं बदलणाऱ्या प्रोग्रॅमने. फोटो उघडून पुन्हा सेव्ह करणाऱ्याने नको. आणि कुठलं जुनं नाव कुठलं झालं याची यादी एका साध्या मजकूर-फाइलीत त्याच फोल्डरमध्ये ठेवून द्या. एखाद्या अल्बमच्या पाठीवर वडिलांच्या अक्षरात जुनं नाव लिहिलेलं सापडलं, तर त्या यादीवरून तुम्हाला तो फोटो शोधता येईल.